तेल-हळदीचा बोळा

अकोला

अकोल्यात मला थंडी वाजली, हे परत आल्यावर कोणालाच पटलं नाही. अकोला म्हटलं की आमच्या कऱ्हाडकडच्या लोकांना बातम्यांतलं उन्हाळ्याचं तापमान तेवढं आठवतं. डिसेंबरातल्या पहाटे तिथल्या फलाटावर उतरून बघावं. माझी शाल बॅगेच्या तळाशी होती, आणि ती काढण्यासाठी सगळ्या गाडीसमोर साड्या, परकर, डबे बाहेर मांडावे लागले. तुम्ही जाणार असाल तर शाल वर ठेवा.

मी नर्स आहे. बरीच वर्षं अपघात विभागात काढली. आता नोकरी सोडून कारखान्यांत आणि गावांत प्रथमोपचाराचे वर्ग घेते. या खेपेला दोन वर्ग ठरले होते. पहिला अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करतात त्या कारखान्यात. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या एका गावात, तिथल्या बचत गटाच्या बायकांसाठी.

जिनिंगमध्ये पाऊल टाकल्यावर पाचच मिनिटांत माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. रुई हवेतच असते. चहात पडते, केसांत बसते. मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, जखम झाली की तुम्ही आधी काय करता? सगळे एका सुरात म्हणाले, "रुई लावतो."

"का?"

पुढे बसलेला एक मिशीवाला गडी उठून उभा राहिला. "मॅडम, इथं दुसरं हाय काय? बोट कापलं तं रुई, डोकं फुटलं तं रुई. मानूस मेला तरी नाकात रुईच."

यावर सगळं जिनिंग हसलं. मीही हसले. मग उघड्या कापसाचे तंतू जखमेत अडकतात, त्याऐवजी स्वच्छ कापड धरा, एवढं त्यांच्या गळी उतरवायला दुपार गेली. वर्ग संपल्यावर त्यांनी मला चहा पाजला, माझं गाव, नवरा, मुलं, जमीन, सगळं विचारून घेतलं आणि तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी हातात दिली. आमच्याकडे पाहुण्याला इतके प्रश्न विचारायला दोन भेटी तरी लागतात. इथे पहिल्या चहात काम उरकतात. मला ती पद्धत आवडली. वेळ वाचतो.

बडनेरा, अमरावती

बडनेऱ्याला मंदा घ्यायला आली होती. मंदा आणि मी मिरजेला एकत्र नर्सिंग शिकलो. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, ही मुलगी माझ्याशी भांडतेय. "काहून वं, जेवत नाई का?" असं ती दारातून ओरडायची. पुढे कळलं, ती काळजी होती. वऱ्हाडी माणूस काळजीसुद्धा दम दिल्यासारखी करतो.

"लय जाडी झाली वं तू," फलाटावर ती म्हणाली, आणि माझी जड बॅग तिनेच उचलली.

अमरावतीत तिने मला आधी घरी नेलं नाही, गिला वड्याच्या गाडीवर नेलं. दह्यात मुरलेला मऊ उडदाचा वडा, त्यावर चटणी, त्यावर तिखट. मी एकावर थांबले तर गाडीवाला मंदाला म्हणाला, "पाहुण्याले आवडला नाई वाटते." मग दुसरा खाल्ला. वऱ्हाडात 'पुरे' या शब्दाला अर्थ नसतो, हे मी तिसऱ्या वड्याला शिकले.

संत्र्याचं गाव

मंदाचं माहेर परतवाड्याच्या रस्त्यावरून आत आहे. माळ्यांचं घर. संत्र्याची बाग, आणि बागेच्या कडेने मेथी, पालक, वांगी. आमच्याकडे रस्त्यावरून बघितलं तर ऊस दिसतो आणि उसापलीकडे काही दिसत नाही. इथे नजर लांबवर जाते. काळी जमीन, तीवर फुटलेला कापूस, मधे तुरीच्या पिवळ्या ओळी आणि उत्तरेला मेळघाटचे निळे डोंगर. बागेत झाडं फळांनी इतकी वाकलेली, की प्रत्येक फांदीखाली बांबूचा टेका उभा केलेला. म्हाताऱ्या माणसांनी काठ्या घेऊन सभा भरवावी तशी ती बाग दिसते.

मंदाचा भाऊ बबनदादा पंचावन्नच्या आसपासचा, उंच, हाडापेराने मोठा. माझ्यापेक्षा थोडाच मोठा, पण मला पहिल्या मिनिटापासून ताई म्हणू लागला.

"ताई, कऱ्हाडले संत्र भेटते का खरं? का पिवया रंग देल्लेलं लिंबू खाता?"

"मिळतं की. तुमच्याकडूनच येतं."

"मंग थे आमी टाकून देल्लेलं असन." आणि त्याने एक संत्र सोलून माझ्या हातावर ठेवलं. त्याचं खरं होतं. आम्ही जे खातो ते संत्र नव्हे.

घराचा कारभार मात्र आईकडे. शेवंताबाई. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, नऊवारी लुगड्यातली बाई. त्यांच्या ओट्यावर एक पितळी वाटी कायम असते. तीत जवसाचं तेल, तेलात हळद. हळदीला त्या हयद म्हणतात. देवाच्या वातींसाठी सरकी काढून ठेवलेला कापूस शेजारीच. गावात कोणाचंही काही कापलं, खरचटलं, की माणूस आधी त्या ओट्यावर येतो. मी पोचले त्या सकाळीच एक शेजारीण विळीने कापलेलं बोट घेऊन आली. शेवंताबाईंनी तेल कोमट केलं, कापसाचा बोळा त्यात बुडवला, बोटावर ठेवून चिंधीने गच्च बांधला. वर बोटाच्या मालकिणीला शिव्या दिल्या. "भाजी कापतं का टीवी पायतं?" बाई हसत गेली. बोटाला एवढं पुरतं.

माझा वर्ग दुसऱ्या दिवशी होता, म्हणून त्या दिवशी बागेत रोडग्यांचा बेत केला. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. वरची राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. शेवंताबाई निखाऱ्याजवळ पाटावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली होती. मंदा आणि मी वांगी धुवायला बागेच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवर गेलो. बबनदादा म्हणाला, "ताईले न्यायले शेंड्यावरचे फयं काढून ठेवतो," आणि शिडी घेऊन गेला.

आधी शिडी पडल्याचा आवाज आला. मग माणसांचा.

विहिरीपासून तिथवर धावत यायला आम्हाला वेळ लागला. तोवर काय झालं ते मंदाला आणि मला नंतर कळलं. शिडीचा पाय भुसभुशीत मातीत गेला आणि दादा उजव्या कुशीवर एका टेक्यावर पडला. टेक्याचं टोक मोडून अणकुचीदार झालेलं. ते बरगड्यांमधून आत गेलं आणि तो कलंडला तसं बाहेरही आलं. भोक रुपयाएवढं. शेवंताबाईंनी घरातून वाटी आणवली. मूठभर कापूस तेल-हळदीत भिजवून भोकावर दाबला, वर लुगड्याच्या पट्ट्याने छाती आवळली. रक्त थांबलं. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणीतरी चहा आणला.

मी पोचले तेव्हा दादा उताणा झोपवलेला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. छोटे, घाईचे श्वास. ओठ निळसर. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. लोक म्हणत होते, रक्त गेलंय म्हणून घाबरा झालाय. दोघं जण पट्टा आणखी ओढत होते.

"सोडा," मी म्हणाले.

शेवंताबाईंचे दोन्ही हात बोळ्यावर होते. "हात लावू नको. आताच खून बंद झालं."

"मावशी, त्याला हवा कमी पडतेय. हात काढा."

"सोडलं तं मरन थो!"

"नाही सोडलं तर मरेल."

त्या हलल्या नाहीत. सत्तरीच्या बाईच्या मनगटात इतकी ताकद असते हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मंदाने आईला पाठीमागून धरलं, मी पट्टा कापला आणि बोळा उचलला. तो उचलला गेला नाही, सोलला गेला. तेल, रक्त आणि कापूस मिळून त्याची जाड साय झाली होती. खालून फस्स करून हवा आली, रक्ताचे बुडबुडे आले. बायका किंचाळल्या. आणि दादाने छाती भरून एक श्वास घेतला. मग दुसरा.

बाकीचं काम साधं होतं. त्याला उठवून बसवला, उजव्या अंगावर कलता, मंदाच्या खांद्याला टेकवून. चहा दूर करायला लावला. कडेने वाहणाऱ्या रक्तावर कोरडं धुतलेलं कापड हलक्या हाताने धरलं, भोक न बुजवता. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावर भेटेल असं ठरलं, म्हणून तिथवर, अमरावतीहून आलो होतो त्या मंदाच्या गाडीतून निघालो. कापड भिजलं की बदलत होते आणि सगळा वेळ त्याचे श्वास बघत होते. वाटेत तो एकदाच बोलला. "ताई, रोडगे जयतीन."

"जळू देत. बोलू नका."

अमरावती, वॉर्ड

रुग्णालयात डॉक्टरांनी छातीत नळी घातली, साचलेली हवा आणि रक्त काढलं, आणि संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं, फुप्फुस पुन्हा फुगतंय, धोका टळला. दुसऱ्या दिवशी दादा उशाशी टेकून बसला होता. नळी बाजूच्या बाटलीत, बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर खालीवर.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. वर्ग अर्थातच रद्द झाला. सगळं गावच अमरावतीत आलं होतं.

वऱ्हाडात आजारी माणसाला भेटायला जाणं हे काम नसतं, तो समारंभ असतो. ट्रॅक्टर, जीप, दुचाक्या भरून माणसं येत होती. येताना डबे, संत्री, मेथीची जुडी. वॉर्डात मेथीच्या जुडीचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. आणि येणारा प्रत्येक जण आधी शेवंताबाईंच्या पाया पडत होता.

"आजी, तुमची हयद होती म्हून वाचला."

"त्या बाईनं सोडलं नसतं तं खून निंगालंच नसतं म्हंतात."

'त्या बाई' म्हणजे मी. माझ्यासमोरच बोलत होते, रागाने नव्हे, झालेली गोष्ट सांगावी तसं. शेवंताबाई मान हलवत, पदर सावरत ऐकत होत्या. त्यांचा मुलगा जगला होता आणि तो त्यांच्या हाताने जगला, असं अख्खं गाव म्हणत होतं. म्हातारपणी एवढं सुख किती जणींना मिळतं?

मला मात्र झोप लागेना. पुढच्या वर्षी पुन्हा टेके लागणार, पुन्हा शिड्या लागणार. तिकडे रानडुकरंही आहेत. पुन्हा कोणाच्या छातीला भोक पडलं की लोक त्याच ओट्यावर धावणार, तीच वाटी येणार. आणि या खेपेपेक्षा जास्त तेल लागणार, कारण आता तेलाची कीर्ती झाली होती.

मी मंदाला म्हणाले, "मावशींना सांगावं लागेल."

मंदा माझ्यावर उखडली. "काय सांगतं? का तुया पोराले तूच मारून राह्यली होती? मरन माय माही. दादा बरा झाला ना? मंग?"

"तू नर्स आहेस, मंदे."

"अन् मी तिची पोरगी बी हाव!"

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र तिने वाढला, आणि नेहमीसारखी तिसरी पोळी न विचारताच ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी व्हायच्या आत मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेवंताबाईंच्या शेजारी बसले. त्या संत्र सोलत होत्या. मी पाल्हाळ लावला नाही. मला ते जमत नाही.

"मावशी, तुमचा बोळा बोटाला चालतो. छातीला चालत नाही."

त्यांनी फोड माझ्या हातावर ठेवली. "काहून?"

मी सांगितलं. फुप्फुस फाटलं की त्यातून हवा छातीत गळत राहते. बाहेर जायला भोक असेल तर निदान ती निघून जाते. भोक बुजवलं की आतच साचते. साचून साचून आधी फुप्फुस दाबते, मग हृदय दाबते. कोरड्या कापसातून थोडी तरी हवा गेली असती. तेलाने त्याचं पंक्चरचं ठिगळ झालं. पट्टा आवळला, ते आणखी वाईट.

त्यांनी उरलेलं संत्र सोलून संपवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या बूच बसवलं."

"हो."

"तू फाडून काढलं तवा थो वाचला."

"हो."

"मंदीले माईत हाय?"

"हो."

"अन् तुमी दोघी चूप. अन् हे सारे गावचे मले पाया पडून राह्यले." आवाज चढला. "पयल्याच दिवशी सांगाचं होतं ना वं! मी काय लहान पोट्टी हाव?"

"मावशी, मला वाटलं—"

"तुले काय वाटते थे राहू दे. मंग कराचं काय होतं, थे सांग."

मी सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली, म्हणून इथेही लिहिते. वाचणाऱ्यांच्याही कामाला येईल. छातीला भोक पडलं आणि त्यातून हवा येतेय असं दिसलं, तर ते बुजवायचं नाही, आवळून बांधायचं नाही. उघडं ठेवलेलं बरं. रक्त वाहत असेल तर कोरडं स्वच्छ कापड धरायचं, भिजलं की बदलायचं. कापड धरल्यावर श्वास अडू लागला तर लगेच उचलायचं. माणसाला बसवायचं, दुखऱ्या बाजूला कलता. पाणी नाही, चहा नाही. बांबू किंवा सुरी आतच रुतलेली असेल तर ओढायची नाही, आहे तशी स्थिर धरायची. आणि सगळ्यात आधी १०८.

"तेल?"

"नाही."

"हयद?"

"नाही, मावशी."

त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि वॉर्डात शिरल्या. मंदा आत होती. आईचा चेहरा बघून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दारातच थांबले. शेवंताबाई थेट पोराच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बबन, म्या बूच लावलं होतं तुले. मरून राह्यला होता तू माह्या हातानं."

बबनदादाला बहुतेक आधीच अंदाज असावा. त्याने नळी सांभाळत मान वळवली. "लहानपनापासून माहं तोंड बंद कराले पायतं तू, माय. या बारीनं जागा चुकली."

मंदा हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही. शेवंताबाईंनी मात्र पोराच्या डोक्यात टपली मारली आणि मग तो हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला.

मी निघाले त्या दिवशी दुपारी त्यांनी आपला बाक वॉर्डाच्या दारात आडवा ओढून घेतला होता. भेटायला आलेल्यांचा घोळका समोर. सगळ्यात पुढे त्यांचा एक लठ्ठ पुतण्या, हातात मेथीची जुडी. तो पाया पडायला वाकला.

"मोठ्ठे माय, तुमच्या हयदीनं—"

"सिधा उभा राय." शेवंताबाईंनी त्याच्या बरगडीत बोट खुपसलं. "इथं भोक पडलं. फुसफुस हवा येऊन राह्यली. काय करशीन?"

"तेल-हयद लावीन."

"मेला! म्याबी हेच केलं, अन् माहा पोरगा मरता मरता वाचला. व्हय बाजूले. दुसरा कोन?"

आतून नर्स ओरडली, "आजी, दारात गर्दी करू नका." शेवंताबाईंनी मागे न बघता सांगितलं, "दोन मिनिट थांब वं, एवढे मारून घेतो."

दुसरा गडी म्हणाला, पट्टा बांधीन. तोही मेला. तिसरीने सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी चहा पाजला, म्हणून ती अर्धी मेली. मंदा माझी बॅग घेऊन जिन्याजवळ उभी होती. गाडीची वेळ होत आली होती, पण आम्ही दोघी हललो नाही.

लठ्ठ पुतण्या पुन्हा पुढे आला. मेथीची जुडी त्याने काखेत मारली आणि बोटांवर मोजत म्हणू लागला. "हात लावत नाई. भोक बुजवत नाई. उठवून बसवतो, दुखत असन तिकडे कलता. एकशे आठले फोन."

"अन् च्या?"

"च्या नाई."

"हयद?"

त्याने मेथीची जुडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मागून कोणीतरी पुटपुटलं, "नाई म्हन, बैला."

"नाई," तो म्हणाला.

शेवंताबाईंनी बाक सरकवला. "मंग जाय आत. भेट त्याले."